डावा टक्स

“बाई, ही चूक आहे का?” प्रियलनं विचारलं, आणि कोकिळाच्या हातातली टाचण्यांची डबी कलंडली. तसं पाहिलं तर दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. पिंप्राळ्यातल्या त्या पुढच्या खोलीत, दोन शिलाई मशिनं आणि एका खडखडणाऱ्या कूलरच्या मध्ये, मुली दिवसभर हाच प्रश्न विचारत, आणि कोकिळा दिवसभर तितक्याच शांतपणे उत्तर देई. चूक विचारणारी मुलगी तिला मनापासून आवडे. पण आज टेबलावर कुणा मुलीचं काम नव्हतं. तिचं स्वतःचं मोरपंखी ब्लाऊज उसवून पसरलं होतं, गेल्या दिवाळीला तिनंच शिवलेलं, आणि प्रियलनं त्याचा डावा पुढचा भाग उजव्या भागावर पालथा घालून पाहिला होता. कडा जुळत होत्या. गळा जुळत होता. आतले टक्स, कापड दुमडून घातलेल्या त्या शिवणी, मात्र जुळत नव्हते. उजवीकडचा टक्स भरघोस होता, जिथं थांबायला हवा तिथं थांबलेला. डावीकडचा दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचानं, बारीक होता, आणि त्याचं टोक आपली जागा सोडून मुंढ्याकडे, बगलेच्या बाजूला सरकलं होतं. कुणीतरी आतून दोरा ओढून घ्यावा तसं.

बाईंचं ब्लाऊज असं टेबलावर येणं ही ह्या वर्गाची जुनी रीत होती. सुरतेहून आणलेली डमी मुळात एका सडसडीत बाईची, म्हणजे जगात कुठंच नसलेल्या बाईची. तिच्यावर कापड लावायला शिकलं तर खऱ्या बाईचं ब्लाऊज कधी जमायचं नाही, असं कोकिळाचं म्हणणं. म्हणून नव्या तुकडीला ती आधी डमी भरायला लावी. कापूस, त्यावर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, इथं भर, तिथं चेप, असं करता करता त्या पुतळ्याला खरं अंग येई. आणि ते अंग कुणाचं? वर्गातल्या मुलीचं कधीच नाही. टेबलाभोवती एखादीच्या अंगाची चर्चा झाली की ती हसण्यावारी नेते पण जन्मभर विसरत नाही, हे कोकिळाला पक्कं ठाऊक होतं. “माझं घ्या,” ती म्हणे. “मला आता ह्या वयात कुणाची लाज?” मग मुली तिचं अगदी अलीकडचं ब्लाऊज उसवत, त्यावरून मापं काढत, डमी भरत, तिच्यावर मांजरपाट लावून टाचण्यांनी टक्स घडवत, आणि शेवटच्या दिवशी ते मांजरपाटाचं ब्लाऊज बाई स्वतः अंगात घालून दाखवत. बसलं तर मुलगी पास.

“हो, चूकच आहे,” कोकिळा म्हणाली, आणि वाकून टाचण्या वेचू लागली, म्हणजे कुणाला तोंड दिसायला नको. “दिवाळीची गर्दी होती. घाईत शिवलं असेल.”

“घ्या! बाईच चुकल्या त मंग आपलं काय खरं हाये!” किरण म्हणाली. ती बोदवडहून रोज रेल्वेनं येई आणि येताना डब्यातल्या साऱ्या गमती वर्गात घेऊन येई. मुली हसल्या. प्रियल हसली नाही. तिच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं, माहेरीही कापडाचंच. कापडाकडे बघायची नजर तिला न शिकवताच आलेली होती.

“पण बाई, शिवण बघा ना किती सरळ आहे. चुकलेली शिवण थरथरते, असं तुम्हीच सांगितलंय. ही तर मुद्दाम घातल्यासारखी वाटते.”

“वाटते तशी,” कोकिळा म्हणाली. “उजवा भाग खरा धरा. तोच पालथा करून डावा आखा.” आणि पाणी प्यायच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली. माठातलं पाणी पेल्यात ओतून तिनं तो तसाच ठेवला. मुद्दाम. पोरीनं शब्द बरोबर पकडला होता. शिवण मुद्दामच घातलेली होती. फक्त कोकिळानं ती मुद्दाम घातल्याचं कोकिळाला ठाऊक नव्हतं.

ती आठवू लागली. दिवाळीच्या आधीची दुपार, कपाटाचा आरसा, अंगात कच्ची टीप घातलेलं मोरपंखी ब्लाऊज, दातांत दोन टाचण्या. डावीकडं कापड जरासं सैल पडलं होतं. हात वर गेला, सैल कापड चिमटीत धरलं, टाचणी लावली, संपलं. त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं, तर फराळाच्या चकल्यांना मोहन किती घालायचं. असं तिनं आयुष्यभर हजारो बायकांच्या अंगावर केलं होतं. दोन्ही बाजूंनी सारखं असं अंग देवानं अजून कुणाला दिलेलं नाही. कुणाचा एक खांदा डोक्यावर हंडे वाहून उतरलेला असतो, कुणी लेकराला एकाच कडेवर घेऊन कंबर वाकडी करून घेतलेली असते. शिवणाऱ्याचा हात ते वाकडं गुपचूप सरळ करून टाकतो, आणि बाई आरशात बघून म्हणते, छान बसलं हो. हात डोक्याला सांगत बसत नाही. सांगत बसला तर कामं उरकायची कधी? इतकी वर्षं कोकिळाला ह्या गोष्टीचा अभिमान होता. आज पहिल्यांदाच तिला आपल्या हातांकडे बघवेना. ओट्यावर टेकलेले ते दोन हात, सुईनं खरवडलेली बोटं, जणू घरात बरेच दिवस राहिलेला आणि काहीतरी दडवून ठेवणारा परका माणूस.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलनीतली लहान मुलं तिच्याकडे बटणं लावायला शिकायला येत. त्यांना टक्स म्हणजे काय ते ती कागदाचं वर्तुळ कापून दाखवी. हे बघा, हा कागद सपाट आहे. ह्याला नारळावर बसवायचंय. बसतो का? नाही, सुरकुत्या पडतात. आता इथं मधोमध थोडा कागद चिमटीत धरून दुमडला. झाली की नाही टोपी? सपाट कापड गोलाईवर बसवायला जे जास्तीचं कापड जिरवतो तो टक्स. जेवढा उंचवटा तेवढा टक्स मोठा. उंचवटा कमी, टक्स कमी. मुलं टोप्या डोक्यावर ठेवून नाचत, आणि तिला वाटे, आपण जन्मात एवढी एकच गोष्ट नीट समजावून सांगू शकतो, पण ती तर नीट सांगतो. तेच वाक्य आता तिच्याच आवाजात तिच्यावर उलटलं होतं. उंचवटा कमी, टक्स कमी. आणि टोक सरकलं तर? टोक कधी उगाच सरकत नाही बाळांनो. टोक नेहमी उंचवट्याकडं बघत असतं. तो सरकला की ते सरकतं.

मुली गेल्यावर तिनं दाराला कडी घातली. बाहेर चैत्रातलं ऊन असं पडलं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, आणि तेवढ्यात वीज गेली. कूलरचा खडखडाट थांबल्यावर घर एकदम इतकं शांत झालं की तिला आपल्या बांगड्यांचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला. तिनं कपाट उघडलं. ब्लाऊजं काढली, पलंगावर मांडली, पण बघायचं धाडस होईना, म्हणून डोळे मिटून एकेकाच्या आत बोट फिरवलं. जांभळं, चोपड्याच्या भाचीच्या लग्नातलं: दोन्ही टक्स सारखे. छातीत जरा श्वास उतरला. मग पिवळं, त्याच्या पुढच्या संक्रांतीचं: डावा एक सूत कमी. मग तपकिरी, त्याच्या नंतरचं: आणखी थोडा कमी, आणि टोक वर. बोट शिवणीवरून चालत राहिलं, अंधारात जिना चढणाऱ्या माणसासारखं, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा बगलेच्या जवळ होती. सगळ्यात नवं ब्लाऊज अजून मशिनवर अर्धवट पडलेलं होतं, गेल्याच आठवड्यात बेतलेलं. ते हातात घेऊन तिनं डोळे उघडले. त्यात टाचणी लावून कमी केलेलं काही नव्हतंच. त्याचा डावा भाग तिनं कापतानाच वेगळा कापला होता. म्हणजे हात आता आरशाचीसुद्धा वाट बघत नव्हता. त्यानं हे अंग असंच आहे असं धरून टाकलं होतं.

तिचा हात पदरापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. एवढंच करायचं होतं: पदर बाजूला, बोटं आत, आणि काय ते कळलं असतं. ज्या बोटांना मिटल्या डोळ्यांनी सुती आणि मिश्र धाग्याचं कापड वेगळं कळे, त्यांना हे कळायला किती वेळ लागणार होता? पण हात जाईना. आणि मग तिला आठवलं की तो कितीतरी दिवस गेलेलाच नाही. रोज सकाळी अंघोळीला साबण गळ्यावरून खाली येतो, उजवीकडून नीट जातो, आणि डावीकडं वळसा घालून बगलेतून निघून जातो. हेही हातानं परस्पर ठरवलं होतं. ती पलंगाच्या काठावर बसून राहिली, ब्लाऊजांच्या मध्ये, आणि तिला स्वतःच्याच अंगाची भीती वाटली. बिछान्यात काहीतरी वळवळलं अशी शंका आल्यावर माणूस चादर उचलत नाही आणि पायही हलवत नाही, तशी.

“काय वं, कडी लावून काय करून राहिली?” बाहेरून ज्ञानेश्वर ओरडला. तिचा नवरा मूळचा सावद्याचा. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झाला होता, आणि अजूनही कुठल्याही दारात उभा राहिला की जणू मागं रांग असल्यासारखा बोले. तिनं ब्लाऊजं कोंबली, कडी काढली, पानं घेतली. तो जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि थांबला. “आज भाजीत मीठच नाई टाकलं का? डॉक्टरनं पथ्य मले सांगितलं होतं, वांग्याले नाई.”

“विसरले.”

“विसरली? तू? लग्नापासून पह्यल्यांदा.” त्यानं मीठ घेतलं, हसत हसत कालवलं. त्याच्या मिशीला ताक लागलं होतं. ह्या माणसाला आता सांगितलं तर ताटावरून उठेल, हात न धुता चपला शोधेल, आणि त्या घाईतच जे अजून नाव नसलेलं आहे ते खरं होऊन बसेल.

“अहो, ऐका ना,” ती म्हणाली.

“काय?”

तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. त्याची दोन टोकं तिला दिसत होती, मधला भाग दिसत नव्हता. “काही नाही. ताक वाढू अजून?”

“वाढ ना. त्याले काय विचारतं?”

संध्याकाळी धुळ्याहून बेबाबाईचा फोन आला. बेबाबाई तिची थोरली बहीण, देवपुरात राहणारी, फोनवर नेहमी नदीपलीकडून हाक मारल्यासारखी बोलणारी. “कोकिळा, मनं ब्लाऊज व्हयनं का वं? लगीन येई राहिनं. का मी पडदा गुंडाळीसन जाऊ?”

“व्हई जाई अक्का,” कोकिळा म्हणाली. बहिणीशी बोलताना तिची भाषा आपोआप धुळ्याची होई.

“तुना आवाज असा का येस? बरं शे ना?”

“बठ्ठं बरं शे.”

“मंग ठीक शे. बाह्या लांब ठेव, मना दंड लई दिसतस फोटोमा.” फोन ठेवल्यावर ‘बठ्ठं बरं शे’, सगळं ठीक आहे, हे शब्द तिच्या कानात कितीतरी वेळ राहिले. किती सहज आले होते. जीभही हातासारखीच निघाली होती.

धुळं आठवलं की लीलाधर मास्तर आठवत. चौथ्या गल्लीतलं त्यांचं लांबट, अंधारं दुकान, जिथं ती शिकली. मास्तर कापडाचे देव होते, पण बाईमाणसाचं माप ते स्वतः घेत नसत. पडद्याआड टेप धरायचं काम कोकिळाचं. ती आकडे सांगे आणि मास्तर पडद्याच्या अलीकडं, काथ्या आणि चिंध्या भरून स्वतः केलेल्या पुतळ्यावर, नुसत्या ऐकलेल्या आकड्यांवरून बाई उभी करत. तिथं एक कमलबाई येत, मोठ्या घरच्या, राजस्थानातून येऊन धुळ्यात आडत दुकान घातलेल्या कुटुंबातल्या. गोऱ्या, हसऱ्या, कोकिळाला दर वेळी खडीसाखर देणाऱ्या. त्यांच्या पुतळ्याच्या एका बाजूचा कापूस मास्तर दर खेपेला थोडा थोडा काढत गेले. ब्लाऊजात मात्र त्या बाजूला आतून दुहेरी अस्तर लावत, असं बेमालूम की बाहेरून दोन्ही बाजू सारख्या. एकदा कोकिळानं विचारलं होतं, “मास्तर, हिकडचा कापूस कमी का?” मास्तरांनी कात्री खाली ठेवली नाही. “आपण माप घ्यायचं, पोरी. माणसाचं अंग माणसापाशी.” त्यात केवढी मर्यादा होती, केवढं सौजन्य, आणि तिनं ते वाक्य जन्मभर सांभाळलं, वर्गात मुलींना जे शिकवलं ते सगळं त्याच वाक्यातून फुटलेलं होतं. पुढं कमलबाई गेल्या. मास्तर तिला घेऊन भेटायला गेले तेव्हा तिथल्या बायका म्हणत होत्या, शेवटपर्यंत कुणाला कळलंच नाही हो, केवढं नीटनेटकं राहणं, घरातल्यांनाही पत्ता नाही. मास्तरांनी हे ऐकलं आणि मान खाली घातली. दुकानात परत आल्यावर म्हणाले, तो पुतळा उसव. तिनं मागच्या अंगणात बसून तो उसवला. आतला कापूस गोळ्यागोळ्यांनी निघाला, आणि पांझरा नदीकडून वारा सुटला होता त्यानं तो गल्लीभर झाला. मान खाली घातली ती कशानं, हे कोकिळानं तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं. आता वाटलं, एक माणूस होता ज्याला ठाऊक होतं. डॉक्टरच्या आधी, नवऱ्याच्या आधी, खुद्द कमलबाईच्या आधी. आणि त्यानं अस्तर लावलं.

वर्ग चालू राहिला. थांबवायला काही सांगता येण्यासारखं कारण नव्हतं. मुलींनी उजव्या भागावरून दोन्ही बाजू आखून डमी भरली, आणि ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली: दोन्ही अंगांनी भरलेली, ताठ, कोकिळा जशी त्या जांभळ्या ब्लाऊजाच्या वेळी होती तशी. कोकिळा येता-जाता तिच्याकडं पाठ करी. तिला वाटे, खरी ती आहे, आणि मी तिच्यावरून घाईत केलेली कच्ची नक्कल आहे. पण शिकवायला उभी राहिली की काही वेळ भीती मागं हटे. शिकवणं ही तिच्यासाठी बसायची सावली होती. “आधी कापडाचा उभा धागा बरोबर मधोमध धरा. टाचणी. आता तळव्यानं मधून बाहेर, मधून बाहेर, हलक्या हातानं. ओढायचं नाही, किरण, गाय नाही ती. कापड कुठं गोळा होतंय बघा. तिथंच त्याला जिरायचंय. आता चिमटीत धरा. टोक उंचवट्याच्या थोडं अलीकडं थांबवायचं, वर नेलं तर शिंग निघतं.”

“बाई, माझं शिंगच निघालं,” किरण म्हणाली. “ही तर पोळ्याच्या बैलासारखी दिसून राहिली.”

“काढ, परत लाव. टाचणी आहे, शिवण नाही. टाचणीची चूक ही चूक नसते.”

प्रियलचा हात मात्र पहिल्यांदाच बसला. तिनं डमीच्या डाव्या बाजूवरून तळवा सावकाश फिरवला, कापडाखालचा कापूस चाचपत, कुठं खळगा राहिलाय का बघत. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या कोकिळाला आपल्या छातीत, नेमक्या त्याच जागी, गार लागलं. ती मटकन खुर्चीत बसली. प्रियलनं मान वळवून पाहिलं. नजर हटवायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

त्या आजाराचं नाव कॉलनीत कुणी घेत नसे. ‘तिला ते झालंय’ म्हणत, आणि ऐकणारी बाई लगेच दुसरा विषय काढे. कोकिळाला अशा तीनचार जणी माहीत होत्या. त्यातल्या एकीला तिनंच नंतर ब्लाऊज शिवून दिलं होतं, आणि ती बाई आज तिच्यासमोरून स्कूटीवरून नातीला शाळेत सोडते, हेही तिला माहीत होतं. पण भीतीला हिशेब दाखवून उपयोग नसतो. भीती म्हणे, ती डॉक्टरकडे लवकर गेली होती. तू किती ब्लाऊजं घालवलीस?

शेवटचा दिवस आला. ब्लाऊज घालून दाखवायचा. तिनं आदल्या दिवसापासून सबबी जुळवून ठेवल्या होत्या: घामोळं आलंय, अंग दुखतंय, ह्या वेळी डमीवरच बघून पास करू. एकही तोंडातून निघाली नाही, कारण मुली सकाळी लवकर आल्या होत्या, केस विंचरून, परीक्षेला याव्यात तशा, आणि प्रियलनं आपलं मांजरपाटाचं ब्लाऊज इस्त्री करून दोन्ही हातांवर धरून आणलं होतं. “आधी माझं, बाई.” कोकिळानं ते घेतलं. बाहेरच्या ओट्यावर ज्ञानेश्वर शेजाऱ्याला केळीचे भाव सांगत बसला होता. कोपऱ्यातल्या पडद्याआड जाताना तिनं टेबलावरचा उरलेल्या कापसाचा एक बोळा उचलला आणि मुठीत धरला. हे तिनं ठरवलं नव्हतं, असं तिला म्हणता आलं नसतं. ह्या वेळी तिनं हाताला हे करताना पाहिलं होतं.

पडद्याआड छोटा आरसा होता, एक खिळा, एक बल्ब. तिनं साडीचा पदर सोडला, अंगातलं ब्लाऊज काढून खिळ्यावर टांगलं आणि मांजरपाट अंगात चढवलं. कोऱ्या कापडाचा खळीचा वास आला. पुढून टाचण्या लावल्या. मग आरशात पाहिलं. उजवी बाजू अशी बसली होती की शिकवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. पोरीचा टक्स, ती सुबक गोलाई, थोडं अलीकडं थांबलेलं टोक. डावी बाजू रिकामी होती. कापड तिथं खाली बसलं होतं, आणि त्या खळग्यातून एक घडी तिरपी वर, बगलेकडे गेली होती. इतक्या दिवसांत कधी न दिसलेली गोष्ट पांढऱ्या कापडानं एका क्षणात स्वच्छ दाखवली होती. मोरपंखीनं दाखवली नव्हती, तपकिरीनं नव्हती. त्यांना तिनं बोलूच दिलं नव्हतं.

“बाई, बसलं का?” बाहेरून प्रियल.

“थांब जरा.”

बोळा. एवढासा कापूस. तो आत सरकवला, बोटानं सारखा केला, की घडी जाईल. पडदा बाजूला होईल, मुली टाळ्या वाजवतील, प्रियल पास. ज्ञानेश्वर जेवायला येईल. धुळ्याला ब्लाऊज पोचेल. काहीच घडलेलं नसेल, आणखी एका दिवाळीपर्यंत तरी. तिनं वरची टाचणी सोडली आणि कापूस धरलेली बोटं आत घातली. आणि तिथं तिची फसगत झाली. झाकायला गेलं तरी त्या जागी हात लावावाच लागतो, हे इतक्या दिवसांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. बोटं थांबली. कापूस गळून कुठंतरी खाली गेला. कातडी तिथं आत ओढल्यासारखी होती, आणि तिच्याखाली, बगलेच्या अंगाला, काहीतरी होतं. ती गाठ दुखत नव्हती. दाबलं तर सरकत नव्हती. सुपारीच्या खांडासारखी कठीण, कडा खडबडीत, तिच्याच अंगात, तिला न विचारता रुजलेली. ती तिथं उभी होती आणि बोटं काढून घेत नव्हती. कानांत कूलरचा आवाज दूर जात होता, वाटत होतं की आता खाली बसावं, पडद्याला धरून खाली बसावं. पण बोटं, जी इतके दिवस वळसा घालून जात होती, ती आता नीट, सावकाश, तिच्या कडेकडेनं फिरली, कापड ओळखतात तशी. एवढी. इथपासून इथपर्यंत.

“बाई? बसलं का हो?”

“बाईले आवडलं नसंन,” किरणचा आवाज. “मंग माझ्या शिंगाचं त नावच नको.” कुणीतरी खुदकन हसलं.

“नाही बसलं,” कोकिळा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. “नाही बसलं. प्रियल, तू आत ये.”

पडदा हलला. प्रियल आत आली, आधी चेहरा पडलेला, काय चुकलं असेल ह्या काळजीत. मग तिची नजर कापडावर गेली, त्या तिरप्या घडीवर, आणि तिथंच राहिली. शिकलेला हात वेळ लावत नाही. तिनं मनगटावरच्या गादीतली टाचणी काढली आणि सैल पडलेलं कापड चिमटीत धरायला बोटं पुढं केली. कोकिळानं तिचं मनगट धरलं. धरणारा हात इतका गार होता की मुलगी दचकली.

“टाचणी नको, बेटा,” कोकिळा म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते, तरी ती शब्द सुटे सुटे करून बोलली, लहान मुलांना सांगते तशी. “तुझं काम बरोबर आहे. ह्याला हात लावायचा नाही. नीट बघून घे, कापड कुठून कुठं चाललंय ते, म्हणजे मला बोलता आलं नाही तर डॉक्टरला तू सांगशील. बघितलंस? आता बाहेर ओट्यावर हे बसलेत. त्यांना म्हणावं, चपला घाला.”